लंगडणाऱ्या मुलांचे कोडे

१९१० या एकाच वर्षी तीन देशांतल्या तीन शल्यवैद्यांनी एकाच आजारावर तीन लेख प्रसिद्ध केले. अमेरिकेत बॉस्टनचे आर्थर लेग, फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या बर्क गावचे झाक काल्व्हे आणि जर्मनीत ट्युबिंगेनचे गेऑर्ग पेर्थेस. तिघांनी आपापल्या ठिकाणी स्वतंत्रपणे काम केले होते. आजार होता लहान मुलांच्या खुब्याचा. आज त्याला तिघांच्या नावाने लेग-काल्व्हे-पेर्थेस आजार किंवा थोडक्यात पेर्थेसचा आजार म्हणतात.

एकच गोष्ट एकाच सुमारास अनेकांना दिसावी, असे विज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडते. त्यामागे बहुधा एखादे नवे साधन असते. इथे ते साधन होते क्ष-किरण. पण साधन हाती आल्यावरही या मुलांच्या खुब्याचा आकार नेमका कसा बिघडतो, हे समजायला आणखी अर्धे शतक लागले. मिळालेले उत्तर अनपेक्षित होते. हाड मरते तेव्हा खुबा बिघडत नाही. ते पुन्हा जिवंत होऊ लागते तेव्हा बिघडतो! हे कोडे कसे सुटत गेले ते आपण पाहू.

उखळीचा सांधा

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा, हे आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखे गोल डोके असते. डोक्याखाली तिरकी मान असते. कमरेच्या हाडात वाटीसारखी खोलगट खोबण असते आणि तिच्यात हे डोके बसते. मानेच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक मोठा उंचवटा असतो. कमरेच्या बाजूवर तळहात दाबून पाय आत-बाहेर फिरवला, तर तो हाताला लागतो. कमरेच्या हाडापासून निघालेले स्नायू या उंचवट्याला जोडलेले असतात. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला झुकू नये म्हणून हे स्नायू ताणून धरतात. शरीराचा भार आणि स्नायूंची ही ओढ मिळून खुब्याच्या डोक्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. चालताना प्रत्येक पावलाला असेच घडते.

लहान मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जन्माच्या वेळी हे डोके सगळे कूर्चेचे, म्हणजे कास्थीचे असते. काही महिन्यांनी फळातल्या बीसारखा हाडाचा एक गाभा त्यात तयार होतो आणि वर्षानुवर्षे वाढत जातो. डोके आणि मान यांच्यामध्ये कूर्चेची एक चकती असते. हाडाची लांबी तिथे वाढते, म्हणून तिला आपण वाढीची चकती म्हणू. ही चकती म्हणजे रक्तवाहिन्यांच्या वाटेतली भिंतच. मानेतले रक्त तिच्यातून आरपार डोक्यात जाऊ शकत नाही. त्याला मानेच्या बाहेरून वळसा घालून यावे लागते. या वळशाचे महत्त्व पुढे कळेल.

क्षयाच्या सावलीत

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात मूल लंगडू लागले, खुबा आखडला, की निदान जवळजवळ ठरलेले असे : हाडाचा क्षय. हे निदान बहुतेक वेळा बरोबरही असे. हाडांचा क्षय त्या काळी फार होता. खुब्यात पू होई, सांधा खाल्ला जाई, मूल कायमचे अधू होई किंवा दगावे. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधले. तरी एखाद्या मुलाच्या खुब्याच्या आत काय चालले आहे, हे बाहेरून पाहायचा मार्ग नव्हता.

ह्यू ओवेन थॉमस यांचे काम या काळातले. हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेले हे डॉक्टर लिव्हरपूलच्या गरीब वस्तीत रोगी तपासत. खुब्याचा रोगी पाठीवर झोपला की कंबर उचलून धरतो आणि आखडलेली मांडी सरळ असल्याचा भास होतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग ते रोग्याला सपाट फळीवर झोपवत आणि चांगल्या पायाचा गुडघा छातीकडे दाबत. असे केले की पाठ फळीला टेकते आणि दुखरी मांडी आपोआप वर उचलली जाते. ही 'थॉमस चाचणी' डॉक्टर आजही वापरतात. उपचार म्हणून त्यांचा भर विश्रांतीवर होता : पूर्ण, अखंड आणि दीर्घकाळ. त्यासाठी त्यांनी लोखंडी पट्ट्यांचे आधार तयार केले.

अशा मुलांपैकी काही मुले अनपेक्षितपणे चांगली बरी होत. पू नाही, ताप नाही, जिवाला धोका नाही. फक्त थोडे लंगडणे उरे. क्षय सौम्य होता किंवा उपचार लवकर लागू पडला, असा अर्थ लावला जाई. यश मिळाले की कुणी सहसा कारण विचारत नाही. या बऱ्या झालेल्या मुलांना मुळात क्षय होता का, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

क्ष-किरणांनी दाखवलेले चित्र

१८९५ च्या नोव्हेंबरात विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्या काही महिन्यांतच रुग्णालये ते वापरू लागली. जिवंत मुलाच्या खुब्याचे हाड आता प्रथमच दिसू लागले.

स्वीडनमधील हेनिंग वाल्डेनस्ट्रोम यांनी १९०९ मध्येच अशा मुलांच्या खुब्यांतील बदलांचे वर्णन प्रसिद्ध केले. चित्र त्यांना बरोबर दिसले होते, पण अर्थ त्यांनी जुनाच लावला. हा क्षयाचाच एक सौम्य प्रकार आहे, असे त्यांनी लिहिले. आजाराच्या नावात त्यांचे नाव नाही, याचे हे एक कारण. पुढे त्यांनी आपले मत बदलले आणि या आजाराचे टप्पे पाडून दाखवले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या टप्प्यांचा पाया त्यांचाच आहे.

लेग यांच्यापुढे पाच मुले होती. ती लंगडत होती, पण एरवी ठणठणीत होती. बहुतेकांना आधी काही इजा झाली होती. इजेमुळे डोक्याचा रक्तपुरवठा तुटला असावा, असा तर्क लेग यांनी केला. काल्व्हे ज्या बर्क गावी काम करत, तिथे हाडाचा क्षय झालेल्या मुलांना समुद्राच्या हवेसाठी ठेवत. क्षयाचे खुबे म्हणून साठलेली सुमारे ५०० क्ष-किरण चित्रे त्यांनी पुन्हा तपासली आणि त्यांतून न जुळणारी दहा बाजूला काढली. त्यांना हा मुडदुसासारखा हाडांच्या घडणीतला दोष वाटला. पेर्थेस यांनी सहा मुलांचे वर्णन केले आणि हा सांध्याचा दाह असावा असे मानले. १९१३ मध्ये मात्र त्यांनी दाहाची कल्पना सोडली. प्रत्यक्ष हाडाच्या तपासणीत त्यांना दाहाची खूण सापडली नव्हती.

कारण तिघांनी तीन सांगितले. पण एका गोष्टीवर तिघे ठाम होते : हा क्षय नव्हे. क्षयात सांध्यातली कूर्चा खाल्ली जाते, म्हणून क्ष-किरण चित्रात दोन हाडांमधली फट अरुंद होते. या मुलांत फट उलट रुंद दिसे. बिघाड होता तो डोक्याच्या गाभ्यात. आधी तो नेहमीपेक्षा पांढरा आणि लहान दिसे, मग त्याचे तुकडे पडल्यासारखे दिसत, डोके चपटे होई आणि एक-दोन वर्षांनी तिथे पुन्हा नवे हाड भरू लागे. क्षयाने खाल्लेला सांधा असा भरून येत नाही.

शिक्षकांनी इथे क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. काल्व्हे यांनी नवे रोगी शोधले नाहीत. कपाटातली जुनी चित्रे नवा प्रश्न मनात ठेवून पाहिली, एवढेच. ५०० पैकी १० चित्रे नियमात बसत नाहीत, तर ती अपवाद म्हणून सोडून द्यायची की त्यांचा वेगळा गठ्ठा करायचा? विज्ञान पुष्कळदा या दुसऱ्या गठ्ठ्यातून पुढे जाते.

अंथरुणातली वर्षे

आजार वेगळा आहे हे कळले, पण उपचार फारसे बदलले नाहीत. डोके चपटे होते ते वजनाखाली दबून, मग वजनच पडू द्यायचे नाही, असा सरळ हिशेब होता. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही मुले दोन-दोन, तीन-तीन वर्षे पलंगावर किंवा चौकटीत बांधून ठेवली जात. आजार होतो तो बहुधा चार ते आठ या वयात आणि मुलींच्या मानाने मुलग्यांत चार-पाच पट जास्त. एरवी धडधाकट असलेली, पळायच्या वयातली ही मुले. त्यांची पहिली-दुसरीची वर्षे छताकडे पाहण्यात गेली.

इतके करूनही कित्येकांचे खुबे चपटे होत. उलट, काही न करताही काहींचे खुबे गोल राहत. हिशेबात कुठे तरी चूक होती.

रक्ताची वाट आणि दुरुस्तीचा धोका

१९५७ मध्ये जोसेप त्रुएता यांनी एक महत्त्वाचा दुवा जोडला. हे कातालान शल्यवैद्य स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर इंग्लंडला आले आणि ऑक्सफर्डमध्ये स्थायिक झाले होते. वेगवेगळ्या वयांच्या मृत मुलांच्या हाडांतील रक्तवाहिन्यांमध्ये रंगद्रव्य भरून त्यांनी रक्ताच्या वाटा तपासल्या. त्यांना दिसले ते असे : साधारण चार ते सात या वयात वाढीची चकती मानेकडचे रक्त अडवते आणि खोबणीतून अस्थिबंधावाटे येणारी वाट अजून पुरती खुली झालेली नसते. डोक्याची सारी भिस्त मानेच्या बाजूने वळसा घालून येणाऱ्या थोड्या रक्तवाहिन्यांवर असते. गावाला एकच रस्ता असावा आणि तोही घाटाचा, तशी ही स्थिती. हा आजार नेमका याच वयात का दिसतो, याचा एक धागा त्यातून हाती आला.

रस्ता बंद पडला की गाभ्यातल्या पेशी मरतात. पण हाड पेशी मेल्याबरोबर कोसळत नाही. त्याचा कॅल्शियमचा सांगाडा तसाच असतो. म्हणून सुरुवातीला मूल काही सांगतही नाही. सांध्याची कूर्चा तर जिवंतच असते, कारण तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते. गाभा वाढायचा थांबतो, कूर्चा मात्र जाड होत राहते. क्ष-किरणांना कूर्चा दिसत नाही, म्हणून सांध्यातली फट रुंद वाटते. १९१० सालच्या त्या निरीक्षणाचा अर्थ हा.

मग शरीर दुरुस्तीला लागते. नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, मेलेले हाड काढून टाकणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात आणि नवे हाड घालणाऱ्या पेशी मागून येतात. जुने घर पाडणारे मजूर दहा आणि बांधणारा गवंडी एक, असा प्रकार होतो. मधल्या काळात आत ना जुना सांगाडा उरतो, ना नवा उभा राहिलेला असतो. गाभ्याचे तुकडे दिसतात ते याच टप्प्यात. डोके आता मऊ असते आणि मूल तर चालत, उड्या मारत असते.

टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर आणि त्यांचे सहकारी यांनी डुकराच्या पिलांमध्ये डोक्याचा रक्तपुरवठा बंद करून हा क्रम पाहिला. त्यांचे निष्कर्ष १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. आकार बिघडतो तो हाड मरताना नव्हे, तर पुन्हा रक्त येऊ लागल्यावर, असे त्यांतून स्पष्ट झाले. पुढे २००० नंतर अमेरिकेत डॅलसच्या हॅरी किम यांनी पिलांवरच्याच प्रयोगांत पेशींच्या पातळीवर तो असमतोल दाखवला : काढणे जास्त, घालणे उशिरा.

आता बिघाडाची पुढची पायरी पाहू. जाड कूर्चेमुळे मोठे झालेले मऊ डोके खोबणीत मावत नाही आणि बाहेरच्या बाजूला सरकते. खोबणीची कडा त्यात रुतते आणि तिथे खाच पडते. मग पाय बाजूला फाकवताना डोके आत वळण्याऐवजी कडेवर बिजागरीसारखे उचलले जाते. वाढीच्या चकतीला इजा झाली, तर मान आखूड आणि रुंद राहते. बाहेरच्या उंचवट्याची वाढ मात्र चालूच असते, म्हणून तो डोक्याच्या मानाने वर चढतो. त्याला जोडलेले स्नायू सैल पडतात आणि त्या पायावर उभे राहिले की कंबर दुसऱ्या बाजूला झुकते. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये खुबा निखळलेल्या मुलांत सांगितलेली खूण ती हीच. हाडाच्या आजारातून चालीतला बिघाड असा टप्प्याटप्प्याने घडतो.

मोदक आणि साचा

मऊ असणे हा धोका आहे, तशी संधीही आहे. उकडीचा मोदक साच्यात असेपर्यंत साच्याचा आकार घेतो. अर्धा बाहेर आला तर कडेशी चिरडतो. खुब्यात साचा तयारच आहे : कमरेच्या हाडातली गोल खोबण. प्रश्न वजन काढून घेण्याचा नसून, डोके मऊ असेपर्यंत ते पूर्णपणे खोबणीच्या आत ठेवण्याचा आहे. १९६० नंतर उपचारांची दिशा या विचाराने पालटली.

कॅनडात पेट्री यांनी मुलांचे दोन्ही पाय फाकवून प्लॅस्टरमध्ये घातले, मध्ये आडवी दांडी लावली आणि मुलांना चक्क चालू दिले. पाय फाकलेले असले की डोके खोबणीत खोल बसते. शस्त्रक्रियेचे दोन मार्ग निघाले. एकात मांडीचे हाड कापून मानेचा कोन बदलतात, तर सॉल्टर यांच्या पद्धतीत कमरेचे हाड कापून खोबणच डोक्यावर झुकवतात.

पण हे सगळ्यांना लागते का? १९७१ मध्ये इंग्लंडच्या कॅटरॉल यांनी उपचार न झालेल्या मुलांचाही अभ्यास मांडला. त्यांतल्या पुष्कळांचे खुबे चांगले राहिले होते. डोक्याचा किती भाग मेला, यावर बरेच अवलंबून होते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या हेरिंग यांनी अनेक रुग्णालयांतल्या चारशेहून अधिक मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ वर्षांच्या आत आजार झालेल्या आणि मध्यम बिघाड असलेल्या मुलांत शस्त्रक्रियेने फारसा फरक पडला नव्हता. त्याहून मोठ्या मुलांपैकी डोक्याची बाहेरची बाजू पुरती ढासळली नव्हती, त्यांना मात्र तिचा फायदा झाला. लहान वयात झालेला आजार बरा, असे म्हणायचे कारण सोपे आहे. त्यांच्या वाढीची वर्षे अजून शिल्लक असतात. तेवढ्या काळात डोके आणि खोबण एकमेकांना जुळवून घेतात.

शस्त्रक्रिया केव्हा करायची, या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. कर्नाटकात मणिपालच्या बेंजामिन जोसेफ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ६१० मुलांच्या अडीच हजारांहून अधिक क्ष-किरण चित्रजोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाल्डेनस्ट्रोम यांचे टप्पे त्यांनी आणखी बारकाईने विभागले. तुकडे पडण्याच्या टप्प्याच्या उत्तरार्धात डोके झपाट्याने बाहेर सरकते, असे त्यांना आढळले. म्हणजे ते आत ठेवायचे, तर त्याआधीच. उशीर झाला की मोदक चिरडलेला असतो.

आपल्याकडे, आपल्या वर्गात

रक्तपुरवठा मुळात का तुटतो, याचे एकच एक उत्तर नाही. लिव्हरपूलमध्ये १९७६ ते १९८१ या काळातल्या पाहणीत शहराच्या गरीब मध्यवस्तीत हा आजार बराच जास्त आढळला. मणिपालच्या डॉक्टरांना तो कर्नाटकाच्या किनारपट्टीवर जास्त आढळला आणि तिथल्या मुलांत तो पाश्चात्त्य मुलांपेक्षा थोड्या मोठ्या वयात सुरू होत होता. हा किनारा आपल्या कोकण-गोव्याला लागूनच आहे.

महाराष्ट्रात आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेलचा आजार आहे. विळ्याच्या आकाराच्या पेशी रक्तवाहिन्या तुंबवतात आणि खुब्याचे डोके त्यानेही मरते. चित्र पेर्थेससारखेच दिसू शकते. फरक रक्त तपासल्यावर कळतो. आणि हाडाचा क्षय आपल्याकडून गेलेला नाही. १९१० सालचा प्रश्न, म्हणजे क्षय की दुसरे काही, आपल्या डॉक्टरांना आजही सोडवावा लागतो.

या साऱ्यात शिक्षकाचे काम काय? पेर्थेसचे मूल आजारी दिसत नाही. ताप नसतो. ते खेळते, खेळल्यावर लंगडते, विश्रांतीनंतर बरे दिसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा लंगडते. म्हणून 'कवायत चुकवायला सोंग करतो' असा शिक्का त्याच्यावर सहज बसतो. त्यातच ते पुष्कळदा खुबा दुखतो असे सांगतच नाही, गुडघा दुखतो म्हणते. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणाऱ्या काही नसा एकच असल्याने असे होते. गुडघ्याला तेल चोळले जाते, गुडघ्याचे चित्र काढले जाते आणि खुब्याकडे कुणी पाहत नाही. तेवढ्यात दोन-चार महिने जातात आणि ते महिने बहुधा मोलाचे असतात.

मुलाला मांडी घालताना एक बाजू आखडते का? एका पायावर उभे राहिल्यावर कंबर दुसऱ्या बाजूला झुकते का? एक मांडी दुसरीपेक्षा बारीक झाली आहे का? हे पाहायला उपकरण लागत नाही. लंगडणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तर पालकांना बोलावून खुब्याची तपासणी करून घ्यायला सांगावे. लंगडण्याबरोबर ताप असेल आणि मूल पाय टेकत नसेल, तर एक दिवसही थांबू नये. ते सांध्यात पू झाल्याचे लक्षण असू शकते.

निदान डॉक्टर करतील. पण कुठले मूल कालपेक्षा वेगळे चालते आहे, हे सर्वांआधी दिसते ते रोज त्याला मैदानावर पाहणाऱ्या शिक्षकाला. काल्व्हे यांनी पाचशेंतून दहा वेगळी काढली. आपल्याला चाळिसांतून एक काढायचे आहे.